शिरगणती झाली, आता घरगणती करूया का?

मास्तर_गेरूवाले · सोमवार, रात्री ९.१२

पुढची जनगणना २०२७ ला, आणि त्याआधी घरयादीचं काम. त्यावरून आमच्या जुन्या शाळेतले दोन शिक्षक घरी आले. "मास्तर, यंदा सगळं मोबाईलवर भरायचं म्हणतात, कसं करायचं?" मला काय विचारता! मी दारावर गेरूने नंबर घातलेला माणूस. चहा पाजला आणि पाठवून दिलं. खरं रात्री झोप येईना, म्हणून हा धागा.

१९८१, १९९१, २००१ आणि २०११ अशा चार शिरगणत्या मी केल्या. पहिल्या वेळी नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. गावाचं नाव सांगणार नाही. घरोघरची माहिती गुप्त ठेवायची असते आणि ते बंधन निवृत्तीने सुटत नाही. बेळगाव शहराच्या दक्षिणेकडचं, भाताचं गाव, एवढं पुरे.

१९८१ च्या फेब्रुवारीत तिथल्या एका वाड्यात सकाळी नऊला शिरलो तो जेवणवेळेला बाहेर पडलो. माणसं चौदा. म्हातारी, तीन मुलगे, तीन सुना, बाकी पोरंटोरं. चूल एक. परसात विहीर एक, रहाटाची. म्हातारीला वय विचारलं तर म्हणाली, "प्लेगात सगळी माळावर झोपड्या घालून राहिली, तेव्हा मी रांगत होते." त्यावरून वय काढायला मला अर्धा तास लागला. फॉर्मची ओळ एक, गोष्टी पन्नास.

२०११ ला नेमका तोच गट वाट्याला आला. वाडा पडला होता. त्या जागेवर आणि मागच्या खळ्यावर चार घरं उभी. चारी घरांतली माणसं मोजली तर पंधरा. तीस वर्षांत माणूस वाढला एक! आणि बाकीचं काय वाढलं? चुली चार, विजेचे मीटर चार, गच्चीवरच्या टाक्या चार, बोअर तीन, मोटारसायकली पाच, कार एक. विहिरीवर स्लॅब टाकून त्यावर ती कार लावलेली. परसातला फणस गेला, गोठा गेला, खळं तर घरांच्या पायातच गेलं.

आता जिल्ह्याचं बघा. १९९१ ला आपला बेळगाव जिल्हा जवळपास ३६ लाखांचा होता. २००१ ला ४२ लाख १४ हजार झाला, २०११ ला ४७ लाख ८० हजार. पहिल्या दहा वर्षांत सव्वासहा लाखांची भर, पुढच्या दहांत साडेपाच लाखांहून थोडी जास्त. वाढ आहे, नाही कोण म्हणतंय? पण तिची चाल मंदावलीय. मग शिवार पूर्वीपेक्षा जोरात का संपतंय? याचं उत्तर मला माणसं मोजून मिळालं नाही, दारं मोजून मिळालं.

आणखी एक. २०११ च्या घरयादीत देशभरात ३३ कोटी घरं मोजली, त्यातली सुमारे अडीच कोटी रिकामी निघाली. कुलपाला ना तहान लागते ना भूक. तरी त्याच्यासाठी नदीतली वाळू उपसली, शेतातली माती वीटभट्टीत गेली आणि पाच-दहा गुंठे भात कायमचं उठलं. आमच्या फॉर्ममध्ये पिण्याचं पाणी कुठून आणता हा प्रश्न असतो. नळ, विहीर, बोअर, खूण करायची. ती विहीर किती खाली गेली हे विचारायला रकाना नाही.

तर मंडळी, रकाना आपण करू. प्रत्येकाने आपल्या घरचं लिहा. १९८० च्या आसपास आणि आज: माणसं किती, दारं-चुली किती, पाणी कुठलं, गाड्या किती, जमीन किती उरली. गावाचं नाव हवं तर लिहा, माणसांची नावं नकोत.

बेंगळुरूत_बेळगावकर · सोमवार, रात्री १०.०५

मास्तर, लिहिलंय झकास, पण मुद्दा भलतीकडे नेलात. मूळ दुखणं लोकसंख्याच. १९५१ ला देश ३६ कोटींचा होता, २०११ ला १२१ कोटी. २०२२ च्या नोव्हेंबरात जग ८०० कोटींवर गेलं, पुढच्या वर्षी आपण चीनला मागे टाकलं. एवढी तोंडं खाणार म्हटल्यावर जंगल उरेल कसं? दोनच्या वर मूल झालं की रेशन बंद, असा कायदा करा. बाकी सगळं आपोआप जाग्यावर येईल. चुली आणि बोअर मोजत बसणं म्हणजे ताप सोडून थर्मामीटर मोजण्यासारखं आहे.

सिस्टरबाई · सोमवार, रात्री १०.४८

बेंगळुरूवाले दादा, रेशन बंद झालं तर उपाशी कोण राहणार? जन्मलेलं पोर. त्याने काय गुन्हा केला?

मी अठ्ठावीस वर्षं उपकेंद्रात काम केलंय, खानापूर आणि बैलहोंगल दोन्हीकडे. तुम्ही ज्याला पुढचं काम समजताय ते बायकांनी कधीच उरकून टाकलंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातला जननदर १.७ आला. महाराष्ट्राचाही तेवढाच. गोव्यात १.३. देशाचा २. लोकसंख्या आहे तेवढीच राहायची तर बाईमागे २.१ मुलं लागतात. म्हणजे आपण त्या रेषेखाली आलो. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत देशाचा आकडा ३.४ होता. कायदा न करता उतरलाय हो, मुली शाळेत गेल्या आणि बाळं जगायला लागली म्हणून. दोन पोरं नक्की जगणार अशी खात्री पटल्यावर तिसऱ्याला कोण थांबतंय!

आणि हे कोणाच्या अंगावर झालं तेही लिहिते. त्याच पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा ०.३. दशांशचिन्ह नीट वाचा. कॅम्पच्या दिवशी बायका व्हरांड्यात सतरंजीवर ओळीने झोपलेल्या आणि नवरे बाहेर टपरीवर, हे मी किती वेळा बघितलंय त्याला गणती नाही. एका कॅम्पला तर पांघरुणं कमी पडली म्हणून आम्ही जवळच्या घरातनं चादरी मागून आणल्या. त्या बायकांना आता कोणी कडक कायदा शिकवू नये.

मग आकडा अजून वाढतोय कसा, असं विचाराल. धरणाचा दरवाजा बंद केला तरी खालच्या कालव्यात पाणी काही काळ वाहतंच की. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या पोरी आज आया होतायत. त्यांना प्रत्येकी दोनच झाली तरी आयांचीच संख्या मोठी, म्हणून बेरीज वाढते. ते पाणी वाहून संपेपर्यंत थांबायचं, दुसरं काय.

माझी घरगणती: १९८० ला माहेरी अकरा माणसं, एक आड. आता आम्ही दोघं नवराबायको, दोन बेडरूमचं घर, वॉशिंग मशीन, नळ सात. नळ मोजताना मलाच लाज वाटली.

वडगावचं_पोरगं · सोमवार, रात्री ११.०२

आमच्यात नळ नऊ, पाणी एकात!

येळ्ळूर_शिवार · मंगळवार, सकाळी ६.२०

गोठ्यातलं आवरून लिहायला बसले. मास्तरांचं बरोबर आहे, खरं ते अर्धंच आहे.

आमच्या आज्ज्याचं आठ एकर. वाटण्या होऊन माझ्या नवऱ्याच्या वाट्याला दोन एकर आली, त्यातली अर्धा एकर रस्त्यात गेली. आता दीड. १९८० ला घरात सोळा माणसं, आता आमच्या दारात पाच. ही झाली गणती.

आता शिवाराचं सांगते. येळ्ळूर, अनगोळ, शहापूर, वडगाव हा सगळा पट्टा बासमतीचा. बेळगावी बासमती म्हणतात तो हाच. माझं लग्न झालं तेव्हा दिवाळीच्या आधी संध्याकाळी बांधावरनं चालत गेलं तर वास अंगाला चिकटायचा. भात काढलं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. पाणी द्यायचं नाही, खत द्यायचं नाही, जमीनच देत होती. असल्या काळ्या मातीवर आता प्लॉटचे दगड रोवूलालेत. पाच वर्षं जमीन पड दाखवायची, मग म्हणायचं इथं पिकत नाही. दगड रोवला की मधल्या शेतकऱ्याची वाट बंद, पाट बंद, त्यालाही विकावंच लागतं. कुणी जबरदस्ती करत नाही, बरं का. गुंठ्याला जो दर येतो तो ऐकून घरातलीच माणसं एकमेकांकडे बघायला लागतात.

दुसरं बळ्ळारी नाल्याचं. शहराचं सगळं पावसाचं आणि गटारीचं पाणी त्यात येतं. पहिलं नाल्याच्या दोन्ही बाजूला पसरायला जागा होती. फुगायचा, पसरायचा, चार दिवसांत उतरायचा, भात तेवढं सोसतं. आता वरच्या बाजूला सगळं सिमेंट. पडलेला पाऊस मुरतच नाही, तासाभरात नाल्यात. आणि नाला गाळाने, जलपर्णीने भरलेला. मग पाणी शेतात आठ-आठ दिवस बसतं, धूळवाफ पेरलेलं कुजतं, परत रोप आणून लावणी. एका हंगामात दोनदा बियाणं घेतलेलं आहे मी. नुकसानीचा अर्ज दिला, फोटो दिले, "येऊन बघतो" म्हणाले, आले ते भात कापून झाल्यावर.

हलगा-मच्छे बायपासच्या वेळी बायामाणसं जेसीबीसमोर उभी राहिली ते सगळ्यांना माहीत आहे. तो रस्ता माणसं वाढली म्हणून आला की गाड्या वाढल्या म्हणून? मास्तर, तुमच्या वाड्यातली ती एक कार आठवा. उभी राहायला विहीर लागली तिला, पळायला आमचं शिवार लागलं.

वडगावचं_पोरगं · मंगळवार, सकाळी ८.३१

ताई, बासमतीचा वास आता पोत्यावर छापलेला असतोय. आत काय असतंय ते आमच्या मंगाईदेवीलाच ठाऊक.

टिळकवाडीची_विहीर · मंगळवार, सकाळी ११.१५

पाण्याचा हिशोब मी करतो. पाटबंधाऱ्यात नोकरी झाली, आकडे बघितल्याशिवाय जेवण जात नाही.

१९२४ ला इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष. येणाऱ्या हजारो लोकांसाठी टिळकवाडीत विहीर खोदली, पंपा सरोवर असं तिचं नाव ठेवलं. आजही आहे, काँग्रेस विहीर म्हणतात. म्हणजे पाहुण्यांचा अख्खा मेळा बसवायचा तर लोकांनी आधी पायाखाली खोदून बघितलं. नंतर शहर पाण्यासाठी मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप धरणाकडे गेलं. तेही पुरेना, मग घटप्रभेवरच्या हिडकलहून पाणी आणलं. दर जूनमध्ये आपण सगळे पेपरात राकसकोपची पातळी बघतो, २४७५ फुटाला कधी टेकतंय म्हणून. पायाखालच्या विहिरीची पातळी कुठल्या पेपरात येत नाही.

आता गंमत बघा. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे सरकारी मान. २०११ ला महापालिका हद्दीत ४ लाख ८८ हजार माणसं. गुणाकार करा, दिवसाला साडेसहा कोटी लिटरच्या आसपास. वर्षाचे झाले २४०० कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे २८३१ कोटी लिटर. म्हणजे अख्ख्या बेळगाव शहराने नियमाप्रमाणे वर्षभर पाणी प्यायलं, आंघोळ केली, कपडे धुतले तरी एक टीएमसी संपत नाही. हिडकलचं धरण ५१ टीएमसीचं! गळती धरा, २०११ नंतरची वाढ धरा, दुप्पट करा हवं तर. उरलेलं पाणी कोण पितंय?

बेंगळुरूकर, तोंडं वाढली म्हणून पाणी संपलं हे वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही. आमच्या गल्लीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी नळ येतो तो धरण रिकामं असतं म्हणून नव्हे.

घरगणती: १९८० ला आठ माणसं, आड एक, सायकली दोन. आता चौघं, बोअर एक (साडेचारशे फूट, मार्चनंतर नुसती हवा), गाड्या तीन. आड आहे. मी बुजवू दिला नाही, त्यावरून धाकट्या भावाशी तीन वर्षं बोलणं बंद होतं.

निपाणीकडचा_आण्णा · मंगळवार, दुपारी १.४०

उरलेलं पाणी कोण पितंय म्हणून इचारताय, माझ्याकडं बघूनच की! ऊस पितोय. आमी बी कबूल करतो, खरं आमचं बी ऐका.

आमचा आज्जा तंबाखू आणि ज्वारी करायचा. एका पावसावर यायची. पाणी आलं, कारखाना आला, ऊस आला. ऊसाला खात्रीचं गिऱ्हाईक हाय, भाव ठरलेला हाय, गवा शिरला तरी निम्मं हाताला लागतंय. ज्वारीला कोण इचारतंय? पाट पाणी दिलं आणि वीसेक वर्सांत खालची जमीन फुटली. पांढरी मिठासारखी, अनवाणी चाललं तर पाय चरचरतोय. चिकोडी, अथणी, रायबाग, नदीकाठानं कुठं बी बघा. त्यो तुकडा आता ना शेत ना माळ. वर प्लॉट पाडले तर निदान पैसा येतोय, म्हणून प्लॉट.

आणि २०१९ चा पूर. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदम. आमच्या आज्ज्यानं बांधलेलं घर पूररेषेच्या वर हुतं, त्याला नदीची जाण हुती. माझ्या चुलत्यांनी वाटण्या झाल्यावर खाली गायरानाकडं घरं बांधली. पाणी त्यांच्याच घरात शिरलं. नदी काय नवीन ठिकाणी आली न्हाई, आमी तिच्या अंथरुणावर जाऊन झोपलो.

गणती: तवा एकोणीस माणसं, एक मोट, चार बैल. आता तीन घरात मिळून तेरा, इंजन-मोटरी पाच, बैल शून्य. माणसं कमीच झाली की ओ मास्तर!

(प्रतिसाद संपादित) · मंगळवार, दुपारी २.१०

व्यवस्थापक: आलमट्टीची उंची, सांगलीचा पूर आणि त्यावरून सीमाप्रश्न, हे सगळं एकाच प्रतिसादात आलं होतं, म्हणून काढलं. त्यासाठी वेगळा धागा आहे, अकराव्या पानावर पोचलाय, तिथे जाऊन भांडा. इथे बेळगाव की बेळगावी हा वादही नको. गवे दोन्ही राज्यांत विनापरवाना फिरतात, आपणही थोडं फिरू.

भीमगडवाला · मंगळवार, रात्री ८.५५

गव्याचं नाव निघालं म्हणून आलो. माझी गणती सगळ्यांच्या उलटी आहे, म्हणून ती आधी देतो. खानापूर तालुक्यातली आमची वाडी, जंगलाच्या आत. १९८० ला घरं बावीस, माणसं दीडशेच्या वर. आज घरं नऊ, माणसं तीसेक, त्यात पंचवीस जण साठीच्या पुढचे. शाळेत पोर नाही म्हणून शाळा बंद. म्हणजे बेंगळुरूवाल्यांच्या हिशोबाने आमच्याकडे निसर्ग आनंदात पाहिजे, बरोबर ना?

आता ऐका. पूर्वी आम्ही दीडशे जण नाचणी आणि भात करत होतो, गुरं चारत होतो, सुकलेलं लाकूड आणत होतो. गवा, डुक्कर शेतात यायचे, माळ्यावर बसून हाकलायचो. हत्ती मात्र आमच्या आज्ज्याने कधी बघितला नव्हता. २००२ च्या सुमारास दांडेली-हल्याळच्या रानातले हत्ती आमच्या बाजूने चंदगड करत खाली दोडामार्गात उतरले ते तिथंच घुटमळतायत. हत्ती उगीच घर सोडत नाही. त्याच्या वाटेत धरणं, कालवे, रुंद रस्ते, ऊस-मका आला. आता लोंढ्याकडून गोव्याला जाणारा रस्ता रुंद केला, दोन्ही बाजूची जुनी झाडं गेली. त्या रस्त्याने आमच्या वाडीतला एक माणूस महिन्यातून एकदा जातो. बाकी सगळी शनिवार-रविवारची गोव्याची गर्दी.

२०११ ला भीमगड अभयारण्य झालं, १९० चौरस किलोमीटर. त्यातल्या बारापेडे गुहांत एक वटवाघूळ राहतं, राऊटन नावाच्या साहेबाचं नाव त्याला दिलंय. शंभरेक वर्षांपूर्वी ते इथंच पहिल्यांदा सापडलं आणि कित्येक दशकं दुनियेत ही एवढीच जागा माहीत होती. मागाहून मेघालयात आणि कंबोडियात सापडलं म्हणतात. ते वाचलं, चांगलंच झालं. आमच्या शेजारच्या तळेवाडीतल्या काही कुटुंबांनी कुटुंबामागे पंधरा लाख घेऊन जंगल सोडलं. रस्ता नाही, वीज नाही, आजारी माणूस डोलीतून न्यायचा, तर सोडणार नाहीत तर काय करतील? मी त्यांना नावं ठेवत नाही. पण मला एवढंच दिसतं की जंगलावर भार नको म्हणून आधी उठवतात ते त्यातला नांगरधारी माणूस.

आणि पाणी. मलप्रभा आमच्या कणकुंबीत उगवते, म्हादई देगावच्या रानात. म्हादईचं पाणी कळसा-बंडुरा नाल्यांतून मलप्रभेत वळवायचं, हुबळी-धारवाडला प्यायला. २०१८ च्या ऑगस्टात म्हादई पाणीतंट्याच्या लवादाने निकाल दिला, त्यात या वळवण्यासाठी ३.९ टीएमसी. टिळकवाडीवाल्या काकांचा हिशोब मी हुबळी-धारवाडला लावून बघितला. २०११ ला ९ लाख ४४ हजार माणसं, १३५ लिटरने वर्षाला पावणेदोन टीएमसीच्या आत. आसपासची गावं धरा, पुढची वाढ धरा, मान्य. त्यांना तहान आहे हे खोटं नाही. पण मलप्रभेवर सौंदत्तीला ३७ टीएमसीचं धरण आधीच आहे, आणि त्याच्या कालव्यावर आण्णांसारखाच ऊस उभा आहे. तहानेचं नाव पुढे करायचं आणि रान आमचं खणायचं.

निपाणीकडचा_आण्णा · मंगळवार, रात्री ९.२०

आण्णाला मधी वढलं! बरोबर हाय तुमचं, भावा. ठिबक केलंय मी गेल्या साली दोन एकरावर. सगळ्यावर करायला पैसा न्हाई.

गोल्फ_कोर्स_शेजारी · मंगळवार, रात्री ९.४४

२०२२ चा ऑगस्ट विसरलात का? जाधवनगरात बिबट्या दिसला, मग गोल्फ कोर्समध्ये शिरला, आसपासच्या वीस-बावीस शाळा बंद. हत्ती आणले, ड्रोन आणले, पिंजरे लावले. महिना गेला, बिबट्या काही सापडला नाही. आमची पोरं खुश, रोज देवाला सांगत होती की पकडू नको. मास्तर, त्याची नोंद कुठल्या रकान्यात? कायमचा रहिवासी की पाहुणा?

मास्तर_गेरूवाले · मंगळवार, रात्री १०.१०

गणतीच्या शेवटच्या रात्री बेघर लोकांची नोंद करायला आम्ही स्टँडवर, देवळात फिरायचो. त्याची नोंद त्या यादीत घेतली असती.

सिस्टरबाई, तुमचा कालव्याचा दाखला मी पुढच्या वेळी कुणी विचारलं तर चोरून वापरणार आहे. येळ्ळूरच्या ताई, अर्धं राहिलेलं तुम्ही पुरं केलंत. मी दारं मोजली, दारापर्यंत येणारा रस्ता मोजायचा राहिला होता.

भीमगडवाले दादांचं वाचून मात्र गप्प बसलो. चार शिरगणत्यांत मला वाटायचं, गावं फुगतायत. रिकामी होणारी वाडी माझ्या गटात कधी आलीच नाही. पण एक शंका आहे. तुमच्या वाडीतून गेलेली सव्वाशे माणसं कुठे आहेत? ती वास्कोत, पुण्यात, बेळगावात खोल्या करून आहेत. वाडीत एका आडावर भागणारा माणूस शहरात येऊन १३५ लिटरचा होतो, त्याला वीट लागते, वाळू लागते. माणूस तोच, वजन वाढलं. बेंगळुरूकरांचा मुद्दा मी पूर्ण टाकून देत नाही. ४८ लाख माणसं हा जिल्ह्याला भार आहेच, आणि ती सगळी उद्या सिस्टरबाईंसारखी सात-सात नळ मागायला लागली, आणि त्यांनी का मागू नयेत, तर मग अवघड आहे. पण पोरं जन्माला घालू नका हे ज्याला सांगायचं तो माणूस आणि ज्याच्या दारात तीन गाड्या आहेत तो माणूस बहुतेक वेळा वेगळा असतो. माझ्या गणतीत तरी जास्त पोरांच्या घरात सायकलसुद्धा नसायची.

हल्याळची_माहेरवाशीण · बुधवार, सकाळी ९.०५

माझ्या माहेरी अजून एकत्र कुटुंब आहे, तेवीस माणसं, एक स्वयंपाकघर. सगळे कौतुक करतात. त्या स्वयंपाकघरात पहाटे पाचपासून कोण उभं असतं ते विचारा. एका चुलीचं गुणगान करताना फुंकणी कुणाच्या हातात होती हेही लिहीत जा, मास्तर. मी वेगळी चूल मांडली आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

सिस्टरबाई · बुधवार, सकाळी ९.३०

अगदी अगदी! वेगळी चूल हवीच. वेगळी बोअर कशाला, एवढाच प्रश्न.

मास्तर_गेरूवाले · बुधवार, सकाळी ९.५२

मान्य. त्या वाड्यातल्या तीन सुनांचं वय मी लिहून घेतलं, त्यांना दुसरं काहीच विचारलं नाही.

बेंगळुरूत_बेळगावकर · बुधवार, रात्री ११.३७

दोन दिवस वाचतोय. उत्तर द्यायला चार वेळा लिहिलं आणि पुसलं. कायद्याबद्दलचं माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, पण रेशनचं वाक्य मागे घेतो, सिस्टर.

घरगणती देतो, मास्तरांनी मागितली होती.

१९८०, शहापूर: माणसं बारा. खोल्या चार. आड एक, शेजारच्या दोन घरांत मिळून. स्कूटर एक, आजोबांची, रविवारी पुसायची.

आज, शहापूर: माणूस एक, आई. खोल्या सात. बोअर एक, टाक्या दोन. गाडी एक, मी येतो तेव्हा चालवायला.

आज, बेंगळुरू: माणसं तीन. फ्लॅट. पाणी टँकरचं, कुठून येतं कधी विचारलं नाही. गाड्या दोन.

शिवाय एक प्लॉट आहे, २०१४ ला घेतलेला, येळ्ळूर रस्त्याला. कंपाउंड घातलंय, आत काँग्रेस गवत. निवृत्त झाल्यावर बांधू म्हणून. ताई, सर्वे नंबर विचारू नका.

हे सगळं आईला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, मोजायला येणाऱ्यांना सांगून ठेव, दोन ते चार येऊ नका म्हणावं, मी झोपते, आणि बेल वरच्या मजल्यावर वाजते.